शेवटचं पान आधी

ताई, सातवा माणूस लिहिणाराच निघाला.

हे तुला सांगायला तेवीस दिवस उशीर झाला. पुस्तक त्या दुपारीही माझ्या हातात होतं, पान उघडं होतं आणि तू समोर होतीस. उशीर व्हायला काही कारण नव्हतं. कारण होतं, ते पुढे येईल.

ज्यांना यातलं काही कळणार नाही त्यांना थोडं सांगावं लागेल. तोवर तू चहा घे.

पाच जाड पुस्तकांची एक मालिका. मूळ इंग्रजी, किशोरवयीन मुलामुलींसाठी. नेरा नावाची सोळा वर्षांची मुलगी. तिची आई घंटा ओतणारी कारागीर. राजाच्या मोठ्या घंटेत दोष आहे, ती टांगू नका, असं आईने आधीच सांगितलेलं असतं. कोणी ऐकत नाही. घंटा पडते, माणसं मरतात, आणि चूक आपलीच होती अशा कबुलीजबाबावर आईची सही घेतात. मग तिला फाशी. त्या कागदावर शेवटी लिहिलेलं असतं, ‘सात जणांसमक्ष’. सह्या मात्र सहाच. नेरा त्या सातांना शोधत निघते आणि एकेकाचा हिशेब चुकता करते. चार भागांत सहा जणांचा निकाल लागतो. सातवा कोण, हे पाचव्या भागावर सोडलेलं.

पहिला भाग तुझ्या पल्लवीने कॉलेजात असताना सदर बाजारातल्या एका जुन्या पुस्तकांच्या दुकानातून आणला होता, हिंदी अनुवाद. तिने तो अर्धवट टाकला. तू उचललास आणि हिंगण्याला जाणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये पाच दिवसांत संपवलास. मी कॉलेजात ग्रंथपाल. थोरामोठ्यांच्या ग्रंथांवरची धूळ झटकण्यात माझं आयुष्य गेलं, आणि धूळ झटकता झटकता त्यांतला बराचसा मोठेपणाही झटकला गेला. पण पोरासोरांची सूडकथा हातात धरायची म्हणजे मला अंगावर आल्यासारखं झालं. मी ती केवळ तुझी टर उडवता यावी म्हणून वाचायला घेतली. दुसरा भाग मी तुझ्याआधी मागवला, हे तू पुढे चारचौघांत सांगायचीस.

तुझी वाचायची रीत मला कधी पटली नाही. तू शेवटचं पान आधी वाचायचीस. सहज चाळायची म्हणून नाही. नीट बसून, चष्मा लावून, पूर्ण पान. मग पहिल्या पानावर यायचीस.

“ताई, याला वाचन म्हणत नाहीत,” मी म्हणालो होतो. “लेखकाने एवढं झाकून ठेवलेलं असतं.”

“मी चेकिंगमधी हाय गा बाबू,” तू म्हणालीस. “माल कसा निघाला ते आधी पाहते. मंग मशीन पाहते.”

“मग गंमत काय राहिली?”

“गंमत तुमच्यासाठी राहू द्या, ग्रंथपाल साहेब. मले हे पाहाचं असते का, शेवट असा हाय तर सुरुवातीपासून हा मानूस खोटं कुठं कुठं बोलला.”

पंपाचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत तू एकतीस वर्षं माल तपासलास. चांगल्या मालाच्या कागदावर बरोबरची खूण, खराब मालावर गोल. तीच खूण तू पुस्तकांतही करायचीस, शिसपेन्सिलीने, समासात. नेरा दयाळू झाली की गोल. राजा पश्चात्ताप करू लागला की दोन गोल. चौथ्या भागात एक म्हातारा साक्षीदार नेराच्या पाया पडतो आणि ती त्याला सोडून देते. त्या पानावर तू पेन्सिल इतकी दाबलीस की कागद फाटला. मी त्यावर पाऊण तास बोललो होतो. सूड घेणाऱ्याचं काय होतं, क्षमा करायला किती ताकद लागते, वगैरे. बोलणं चांगलं झालं होतं, मला स्वतःला आवडलं होतं. तू भेंडी चिरत होतीस. माझं संपल्यावर म्हणालीस, “झालं? माफीवर मानूस किती चांगला बोलते. ती मागाची वेळ त्याच्यावर आली नसंल तर.”

मी हसलो. दुसरं काय करणार होतो.

आता तुझ्या सहीचा तो कागद. बावीस वर्षं झाली. आपण दोघं त्याच्याबद्दल सरळ एकदाही बोललो नाही, म्हणून मी इथे सरळ सांगतो. एका पेटीतला माल तू खराब ठरवलास, गोल केलास. सुपरवायझरला त्याच दिवशी गाडी भरायची होती. त्याने तुझ्या कागदावरचा गोल खोडून तिथे बरोबरची खूण केली. माल गेला, परत आला, आणि चौकशीत तुझ्या नावाचा कागद पुढे आला. तू सगळ्या खात्यासमोर म्हणालीस, “ही खूण माही नाही. ह्या सायबानं केली हाय.” तुला घरी पाठवलं. माफीनामा लिहून दे, नाहीतर येऊ नकोस. भाऊजींना जाऊन वर्ष झालं होतं, पल्लवी चौथीत होती.

तू माझ्याकडे आलीस ती माफीनामा मागायला नव्हतीस आली. वर तक्रार कशी करायची, कोणाला लिहायचं, हे विचारायला आली होतीस. घरातला शिकलेला माणूस मी. मी तुला बसवलं, पाणी दिलं आणि समजावलं. “ताई, कागदच आहे तो. कागदाला काय लागतं? सही कर, नोकरी वाचव.” मग कॉलेजच्या कॉम्प्युटरवर अर्ध्या तासात तो टाइप केला. ‘सदर प्रकाराबद्दल मी मनःपूर्वक दिलगीर आहे. माझ्या अज्ञानातून व बेजबाबदारपणातून हे घडले.’ मी तो दोनदा वाचला आणि एक स्वल्पविराम बदलला. तेवढी काळजी मी घेतली.

तू सही केलीस. तो कागद महिनाभर कॅन्टीनच्या फलकावर लावला होता आणि तू त्याच्याखाली बसून डबा खात होतीस, हे मला फार उशिरा कळलं. तेही तू तक्रार म्हणून नाही सांगितलंस. “लोक म्हनत व्हते, कोन्या चांगल्या शिकलेल्या मानसानं लिहिला हाय,” असं हसत सांगितलंस. त्यानंतर तू माझ्याकडून कधी काही लिहून घेतलं नाहीस. पल्लवीच्या शाळेचे अर्ज, बँकेचे फॉर्म, सगळं तुझ्या गोल, मोठ्या अक्षरात तूच लिहायला लागलीस. मला वाटलं, ताई आता स्वतंत्र झाली. मी याबद्दल तुझं कौतुकही केलं होतं.

तिसरा भाग संपला तेव्हा आपण तुझ्या मनीषनगरच्या गच्चीत बसलो होतो. सातवा कोण यावर माझा ठाम सिद्धांत होता: राजा. तीन भागांतले पुरावे मी बोटांवर मोजून दाखवले.

तू म्हणालीस, “राजा कायले सही करंल? तो हुकूम देते. सातवा हाय तो लिहिनारा.”

“कोण लिहिणारा?”

“त्या कागदातली भाषा पाय ना. घंटा ओतनारी बाई असं बोलते काय? कोनंतरी लिहून देल्लं तिले. सह्या करनारे सहा. सातवा तिथंच बसून व्हता, हातात लेखनी घेऊन. त्याचं नाव कुठंच नाही, काहून का नाव लिहिनारा तोच.”

मी म्हणालो, “फार ताणतेस तू.”

“बरं,” तू म्हणालीस. आणि ताटली उचलून आत गेलीस.

ताई, त्या संध्याकाळी तू पुस्तकाबद्दल बोलत होतीस की माझ्याबद्दल, हे मी तेव्हा विचारलं नाही. आता विचारतो आहे. रोज, दात घासताना, भाजी घेताना, वाचनालयात पुस्तकांवर शिक्के मारताना. तुझ्या आवाजात उत्तर येतं, पण प्रत्येक वेळी वेगळं.

पाचवा भाग इंग्रजीत आला, हिंदी अनुवाद यायला अजून वेळ होता, आणि तोवर तुझ्या किडन्यांनी हात टेकले होते. पुस्तक उचलायची ताकद तुला नव्हती, अक्षरं दिसत नव्हती. पल्लवीने पुण्याहून पुस्तक पाठवलं. दुपारी मी दवाखान्यात आलो, पिशवीतून ते काढलं, तशी तू डोळे न उघडता म्हणालीस, “शेवटचं पान वाच. मराठीत सांग.”

“पहिल्यापासून वाचू की. रोज थोडं थोडं.”

“रोज कुठून आनशीन गा?”

मी शेवटचं पान उघडलं. आयुष्यात पहिल्यांदा मी एखादं पुस्तक शेवटून वाचलं. आणि पहिल्या चार ओळींतच मला तो दिसला. एका लहानशा खोलीत बसलेला म्हातारा लेखनिक. बोटांना शाई. नेरा दारात.

मी पान मनातल्या मनात संपवलं. तू वाट पाहत होतीस. मग मी वाचायला सुरुवात केली, म्हणजे वाचल्यासारखं करून बोलायला. सातवा राजाच निघाला, मी सांगितलं. नेराने त्याला भट्टीच्या तोंडाशी नेलं. राजा गुडघ्यांवर बसला. राज्यातल्या सगळ्या घंटा एकदम वाजू लागल्या. चांगलं जमलं होतं ताई. मी पानही उलटलं, त्याचा आवाज तुला ऐकू जावा म्हणून.

हे मी तुझ्यासाठी केलं असं स्वतःला सांगून पाहिलं. आजारी बाई, आवडता शेवट, सूड पुरा झाला, समाधान. दोन दिवससुद्धा ते टिकलं नाही. तुझं म्हणणं खरं निघालं होतं, ते तुला कळलं असतं तर तूच जिंकली असतीस. मी ते माझ्यासाठी केलं. त्या खोलीत, तुझ्यासमोर, ‘लिहिणारा’ हा शब्द मला उच्चारायचा नव्हता.

तू शेवटपर्यंत ऐकलंस. मग विचारलंस, “राजा काय म्हनला म्हनतं?”

मी आठवून परत म्हणालो, “म्हणाला, मी मनःपूर्वक दिलगीर आहे.”

तू डोळे उघडलेस. कितीतरी दिवसांनी इतके स्वच्छ.

“ह्या वाक्यावर म्या सही केली हाय,” तू म्हणालीस.

बाहेर कोणाची तरी ट्रॉली गेली. मी पुस्तक मिटलं. तू माझ्या हातावर हात ठेवलास, तो रागाचा नव्हता. रागाचा असता तर मला सोपं गेलं असतं.

“उद्या खरं वाचजो,” तू म्हणालीस, आणि कुशीवर वळलीस.

त्या उद्याच्या सकाळी साडेसहाला पल्लवीचा फोन आला. ती आदल्या संध्याकाळीच पोचली होती. तू तिच्याशी बोललीस, तिने केस विंचरून दिले, असं ती म्हणाली. पिशवी मी तशीच घेऊन आलो होतो. पुस्तकात खूण मी शेवटच्याच पानावर ठेवली होती.

जलदान विधी झाला, त्यानंतर तुझ्या खात्याने कंपनीजवळच्या हॉलमध्ये श्रद्धांजली सभा ठेवली. तुला मजा आली असती. फ्लेक्सवर मध्यभागी तुझा ओळखपत्रावरचा फोटो आणि भोवती श्रद्धांजली वाहणाऱ्यांचे अकरा फोटो, सगळे तुझ्यापेक्षा टवटवीत. एका वक्त्याने तुला ‘कंपनीचा आधारवड’ म्हटलं. तुझी उंची चार फूट अकरा इंच, हे त्याला माहीत नसावं. मी मनात गोल करत बसलो होतो. शाली, हार, माइकची शिट्टी, ‘दोन शब्द’ म्हणून वीस मिनिटं. सगळं नेहमीचं, मी हसू दाबत होतो, आणि मग एक साहेब उठले. तो सुपरवायझर नाही, तो केव्हाच सत्कार घेऊन निवृत्त झाला. हे नवे, बिचारे भले. ते म्हणाले, “एकतीस वर्षांत या बाईंनी एकदाही तक्रार केली नाही. आजच्या पिढीने हा आदर्श घ्यावा.”

लोकांनी माना डोलावल्या. पल्लवीने माझ्याकडे पाहिलं.

मी पहिल्या रांगेत होतो. कुटुंबीय म्हणून मलाही ‘दोन शब्दां’साठी बोलावलं. मी गेलो, सगळ्यांचे आभार मानले आणि खाली येऊन बसलो.

घरी आल्यावर पल्लवीने तिसरा भाग माझ्यापुढे ठेवला. तुझ्या ट्रंकेत सापडला म्हणाली. नेराच्या आईचा कबुलीजबाब ज्या पानावर छापला आहे, त्याच पानात खूण म्हणून घडी केलेला एक कागद होता. माफीनाम्याची तुझी प्रत. प्रत्येक वाक्याला शिसपेन्सिलीने गोल. ‘मनःपूर्वक’ला दोन. आणि खाली, तुझ्या सहीपाशी, बरोबरची खूण.

“आई मले एवढंच बोलली होती का एकदा माफीनामा द्यावा लागला,” पल्लवी म्हणाली. “पन मामा, ही आईची भाषा नाही. हे कोनं लिहिलं?”

ताई, ती तुझीच लेक आहे. तिनेही माल आधी पाहिला.

मी म्हणालो, “कोर्टाजवळ टायपिंगवाले बसायचे. त्यांच्यातल्या कोणी असेल.”

ती “बरं” म्हणाली. अगदी तुझ्यासारखं. आणि ताटली उचलून आत गेली.

तेव्हापासून मी नीट झोपत नाही असं नाही. झोप लागते, माझ्यासारख्यांना लागते. पण सकाळी फिरायला निघतो तेव्हा तुझ्या कोपऱ्यावर कंपनीची बस येते. तिथे आता चढणारं कोणी नाही. तरी ती मंद होते, दार अर्धं उघडतं, क्षणभर थांबते आणि जाते. एकदा मी ड्रायव्हरला विचारलं. तो ओशाळला. “सवय हाय सर. पाय आपोआप ब्रेकवर जाते. वाटते, बाई धावत येऊन राहिल्या पुस्तक घेऊन.” दार उघडतं तेव्हा मी पाहतो. दुसऱ्या खिडकीजवळची तुझी जागा कोणी घेतलेली नाही. मला ती रिकामी दिसत नाही. कोणीतरी तिथे चष्मा लावून शेवटचं पान वाचत बसलं आहे असं वाटतं, आणि त्या पानावर माझं नाव आहे.

तर आता खरं वाचतो. तू सांगितलं होतंस, उद्या.

नेरा दारात उभी आहे. कमरेला सुरी. लेखनिक म्हातारा झाला आहे, त्याने तिला ओळखलं आहे. तो पळत नाही. मी फक्त लिहिलं, असं तो म्हणतो. सही मी केली नाही, हुकूम माझा नव्हता, माझं अक्षर तेवढं चांगलं होतं. नेरा सुरी काढते आणि टेबलावर ठेवते. मग शेजारी एक कोरा कागद ठेवते. “आता खरं लिही,” ती म्हणते. तो दौतीकडे हात नेतो. संपलं. तो लिहितो की नाही, आणि लिहिल्यावर ती सुरी उचलते की नाही, हे लेखिकेने सांगितलेलं नाही.

तुला हे आवडलं असतं की नाही, मला सांगता येत नाही. अर्धवट माल म्हणून तू गोल केला असतास बहुधा. मी म्हणालो असतो की शेवट मोकळा ठेवण्यातच कला आहे, आणि तू म्हणाली असतीस, “कला गेली उडत. लिहिलं का नाही त्यानं, ते सांग.” मी आता एकटाच दोन्ही बाजू बोलतो आहे आणि तुझी बाजू अजूनही वरचढ होते. तू मला सूडकथा वाचायला लावलीस म्हणून मी इतकी वर्षं तुझी चेष्टा केली. त्या पाच पुस्तकांइतकं मला कोणी ओळखलं नाही. त्याचे आभार मानायचे राहिले, तेही इथेच मानतो.

हा लेख आमच्या वाचनालयाच्या वार्षिकात छापतील. दोनेकशे लोक चाळतील, त्यांत तुझ्या खात्यातले काही आहेत, त्यांना तो फलक आठवत असेल. पण त्याआधी आज दुपारी मी तो पल्लवीला वाचायला देणार आहे. ती पुण्याला परत जायच्या आत. शेवटचं पान आधी वाचायची सवय तिलाही आहे, तुझ्याकडूनच आलेली. म्हणून जे सांगायचं ते मी वर ठेवून चालणार नाही. तिला आधी हेच दिसलं पाहिजे, माझी चांगली भाषा लागायच्या आत.

माल खराब होता. तुझ्या आईने तो बरोबर तपासला होता. तिची खूण दुसऱ्याने बदलली. तिने तक्रार केली, सगळ्यांसमोर, तोंडावर. ती वर तक्रार लिहून घ्यायला माझ्याकडे आली आणि मी तिला माफीनामा लिहून दिला. टायपिंगवाला कोणी नव्हता. मी होतो.